दारात हत्ती, पंपावर हिशेब

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याचं म्हणणं असं: "दादा, नव्या हॅचबॅकच्या किमतीत दहा वर्षं जुनी जर्मन सेडान मिळतेय. सनरूफ आहे, लेदर सीट आहे. घेऊ का?" मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, कारण मला आधी माझ्या मामाची वही शोधायची होती.

मामाची सांगलीत हळदीची अडत. २००५ साली त्यानं एक सेकंडहँड परदेशी सेडान घेतली, पेट्रोलवाली. कंपनीचं नाव सांगत नाही, गाडीचा काही दोष नव्हता. गल्लीत ती वळली की पोरं खेळ थांबवायची. आजी म्हणायची, दारात हत्ती झुलतोय. मामा व्यापारी माणूस, त्यामुळे डॅशबोर्डच्या कप्प्यात एक लाल वही. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा फुल करायची, भागाकार करायचा. गावात ७.२. हायवेला ९.१. आणि एका पानावर मामीच्या अक्षरात फक्त एक शब्द: "बापरे."

आज त्या "बापरे"चाच इतिहास सांगतो. आलिशान गाडी, तिची तहान, आणि त्या तहानेचे पैसे नक्की कोण भरतं.

सुरुवात अमेरिकेतून करू, कारण हत्ती पाळायचा शौक तिथं सगळ्यात मोठा. १९७० साली कॅडिलॅकनं एल्डोराडो या गाडीत ५०० घन इंचांचं इंजिन बसवलं. आपल्या भाषेत ८.२ लिटर. रस्त्यावरच्या साध्या हॅचबॅकचं इंजिन १.२ लिटरचं असतं, म्हणजे जवळजवळ सात गाड्यांची इंजिनं एका बोनेटखाली. हे परवडायचं कसं? सोपं आहे. १९७३ साली तिथं पेट्रोल सरासरी ३९ सेंटला एक गॅलन मिळायचं, आणि त्यांचा गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या थोडा वर. लिटरला दहा सेंट. गाडी ॲव्हरेज किती देते, हा प्रश्न तिथं कुणाला पडतच नव्हता. आपल्याकडे मात्र लग्न जमवतानासुद्धा मुलाच्या गाडीबद्दल तो विचारतात!

मग ऑक्टोबर १९७३. इजिप्त आणि सीरियाचं इस्राएलशी युद्ध पेटलं, अमेरिकेनं इस्राएलला शस्त्रं दिली, आणि अरब तेल उत्पादक देशांनी अमेरिकेला तेल विकणं थांबवलं. उत्पादनही कमी केलं. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेलं कच्चं तेल जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरच्या वर गेलं. पंपांवर रांगा लागल्या. काही राज्यांनी सम-विषम नंबरप्लेटचा नियम आणला: आज विषम नंबरवाल्यांनी पेट्रोल भरायचं, उद्या सम. दिल्लीनं नंतर गाड्या रस्त्यावर आणायला हा नियम लावला, तिथं तो पंपावर उभं राहायला होता. निक्सननी देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आणली. ८.२ लिटरचं इंजिन, आणि पळायचं नव्वदच्या आत.

इथं एक गोष्ट मला फार रंजक वाटते. पंपावरचा भाव १९७४ साली सरासरी ५३ सेंट झाला. वाढ मोठी होती, पण कॅडिलॅक घेणाऱ्याचं घर त्यानं बुडत नव्हतं. त्याला घाबरवलं ते रांगेनं. पैसे असूनही वस्तू मिळत नाही, हा अनुभव श्रीमंत माणसाला नवा होता.

आणि तो घाबरून किती दिवस राहिला? फार नाही. १९७५ साली त्याच ८.२ लिटर इंजिनला कॅडिलॅकनं जवळपास सगळ्या मोठ्या गाड्यांत जागा दिली. १९७६ मध्ये कंपनीनं तीन लाखांच्या वर गाड्या बनवल्या. त्याच सुमाराला सेव्हिल नावाची लहान कॅडिलॅक आली. लहान म्हणजे त्यांच्या मानानं, इंजिन ५.७ लिटरचं. आणि किंमत? मोठ्या कॅडिलॅकपेक्षा जास्त! म्हणजे कमी पेट्रोल पिणारी गाडी हासुद्धा मिरवायचा विषय झाला.

मार बसला तो दुसऱ्या मालकाला. मोठी गाडी पाच-सहा वर्षांनी स्वस्तात विकली जाते, ती घेतो शिक्षक, दुकानदार, कामगार. भाव उतरतो तो गाडीचा, तहान तेवढीच राहते. सांगलीतल्या मामाचं दुखणं नेमकं हेच होतं. गाडी त्यानं निम्म्याहून कमी किमतीत घेतली, पण पंपावरचा माणूस सेकंडहँड गाडीला सेकंडहँड भाव लावत नाही.

१९७५ साली अमेरिकी संसदेनं कायदा केला: प्रत्येक कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून सरासरी अमुक इतकी आली पाहिजे. १९७८ साठी १८ मैल प्रति गॅलन, १९८५ पर्यंत २७.५. आपल्या हिशेबात साडेसात किलोमीटरवरून साडेअकराच्या वर. आता गंमत बघा, ही सरासरी साधी काढत नाहीत. हजार किलोमीटरला किती तेल लागलं ते धरून काढतात. का? मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा. लिटरला ६ देणारी गाडी ८ द्यायला लागली, तर हजार किलोमीटरमागे जवळजवळ ४२ लिटर वाचतात. १६ देणारी २० द्यायला लागली, तर वाचतात साडेबारा. ऐकायला दुसरी सुधारणा मोठी वाटते, वाचतं पहिल्यात. त्यामुळे हत्तीचा खुराक थोडा कमी केला तरी देशाचं तेल वाचतं, हे त्या कायदा करणाऱ्यांना बरोबर कळलं होतं.

कंपन्यांची मग धावपळ सुरू झाली. जनरल मोटर्सनं १९७७ पासून मोठ्या गाड्या आखूड आणि हलक्या केल्या. पेट्रोल इंजिनाच्या घडणीवरून ओल्डस्मोबाइलचं डिझेल इंजिन काढलं, त्याची हेड गॅस्केट जायची. १९८१ मध्ये कॅडिलॅकनं आठ सिलिंडरचं इंजिन आणलं, जे गरज नसली की सहावर किंवा चारवर चालायचं. कल्पना एकदम बरोबर, आज कितीतरी गाड्यांत आहे. पण तेव्हाचा कॉम्प्युटर त्या कामाला पुरा पडला नाही, गाडी हिसके द्यायची, आणि बहुतेक मॉडेलांतून ते वर्षभरात काढावं लागलं.

जर्मनांनी वेगळी वाट धरली. मर्सिडीज १९३६ पासून डिझेल कार विकत होती, टॅक्सीवाल्यांची लाडकी. १९७८ साली त्यांनी आपल्या सगळ्यात मोठ्या सेडानमध्ये पाच सिलिंडरचं टर्बो डिझेल बसवलं आणि ती गाडी, ३०० एसडी, फक्त अमेरिका-कॅनडात विकली. कंपनीची सरासरी कायद्यात बसवायला! टॅक्सीचं इंधन साहेबाच्या गाडीत आलं ते असं.

आणि इथून गोष्ट आपल्या अंगणात येते.

१९७३ च्या त्याच भडक्यात आपल्याकडेही पेट्रोल कडाडलं. नोव्हेंबरमध्ये अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले, तो फोटो तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. संस्थानिकांच्या आणि शेटजींच्या लांबलचक अमेरिकन गाड्यांचं काय झालं? ज्यांना त्या पोसवेनात, त्यांनी मूळ पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवलं. बाहेरून सिनेमातली गाडी, आवाज ट्रॅक्टरचा. शुद्धतावादी जुन्या गाडीवाले यावर नाक मुरडतात. मला मात्र त्या मेकॅनिकचं कौतुक वाटतं, त्यांच्यामुळेच त्यातल्या कित्येक गाड्या भंगारात गेल्या नाहीत.

१९८४ साली हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा आली. ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचा देह, आणि सुरुवातीला आत ॲम्बॅसडरच्या घराण्यातलं दीड लिटरचं इंजिन. पैलवानाला पोराचं काळीज. पुढे १.८ लिटरचं इसुझू इंजिन आलं, त्यानंतर डिझेल. १९९५ मध्ये पुण्याजवळ पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची ई-क्लास जोडायला सुरुवात झाली. एक पेट्रोलवर, एक डिझेलवर.

डिझेलवर का, हे समजून घ्या. आपल्याकडे तेव्हा इंधनाचे भाव सरकार ठरवायचं. डिझेल मुद्दाम स्वस्त ठेवलेलं, कारण ते एसटीचं, ट्रकचं, ट्रॅक्टरचं, विहिरीवरच्या इंजिनाचं तेल. पेट्रोल म्हणजे मोटारवाल्यांचं, त्यावर जास्त कर. हिशेब बरोबर होता, जोवर मोटारवाला पेट्रोलवर होता. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव सरकारनं मोकळे सोडले, डिझेलचे हातात ठेवले, आणि दरी रुंदावत गेली. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका फटक्यात साडेसात रुपयांच्या आसपास वाढलं. त्या दिवशी दिल्लीत पेट्रोल ७३.१८ रुपये आणि डिझेल ४०.९१. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक!

म्हणजे शेतकऱ्याच्या नावानं स्वस्त ठेवलेल्या तेलावर तीस-चाळीस लाखांच्या सेडान धावत होत्या. वर डिझेल गाडी लिटरला जास्त पळते. किरीट पारीख समितीनं २०१० मध्येच सुचवलं होतं की डिझेल मोटारीवर ८० हजार रुपये जादा अबकारी लावा. ते झालं नाही. माझं स्पष्ट मत आहे, ते व्हायला हवं होतं. एसटीच्या तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसानं सनरूफवाल्याचं तेल का भरायचं?

शेवटी जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा थोडं थोडं वाढवलं, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळं सोडलं. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात दोन हजार सीसीच्या वरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. ऑगस्ट २०१६ मध्ये ती एक टक्का पर्यावरण शुल्क लावून पुन्हा सुरू झाली. कारण हवेचं होतं, पण मार नेमका मोठ्या गाड्यांना बसला, आणि कंपन्या पुन्हा पेट्रोलकडे वळायला लागल्या.

आता मामा. वही सापडली, माळ्यावर, हळदीच्या पोत्यांच्या हिशेबांत. मे २०१२ च्या त्या वाढीनंतरच्या पानावर एकच फेरी आहे: सांगली–पुणे–सांगली, ४७५ किलोमीटर, ५२ लिटर, चार हजारांच्या वर. खाली मामानं एसटीचं भाडं लिहून वजाबाकी केलीय. त्यानंतरची चार पानं कोरी. गाडी उभी होती. मामेबहिणीचं ॲडमिशन त्याच जूनमध्ये होतं, तिची फी शेवटच्या पानावर लिहिलेली आहे, आणि बाजूला गाडी विकून आलेली रक्कम. मामानं कधी सांगितलं नाही की एक दुसऱ्यासाठी होतं. मीही परवा विचारलं नाही, नुसतं वही दाखवली. म्हणाला, "हायवेला नऊ द्यायची रे. वाईट नव्हती."

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाकडे येतो. महिन्याला हजार किलोमीटर चालवणार असशील आणि गाडी गावात ८ देत असेल, तर शंभर रुपये लिटरनं साडेबारा हजार फक्त पेट्रोल. १६ देणारी हॅचबॅक घेतलीस तर सव्वासहा. सर्व्हिस, टायर, इन्शुरन्स वेगळं. फरक महिन्याला सव्वासहा हजार, वर्षाला पंचाहत्तर हजार. हे तुझ्या पगारातून सहज निघत असतील तर घे, मजेत चालव, आणि मला एक फेरी मार. निघत नसतील तर विकणाऱ्याला आधी सांग की टाकी फुल करून शंभर किलोमीटर चालवून बघायचीय, मग पुन्हा फुल करायची. तो काय म्हणतो ते मला कळव. वहीचा फोटो ब्लॉगवर टाकायला मामानं नाही म्हटलंय, मामीचं अक्षर आहे म्हणून.