बारशाची पंगत आणि दापुरेचा डेबूजी

१/ वऱ्हाडात मूल जन्मले की पाचवीला सटवाईची पूजा होई. ती रात्री येऊन बाळाच्या कपाळी भाग्य लिहिते, अशी श्रद्धा होती. नाव मात्र माणसांनी ठेवायचे. बाराव्या दिवशी बारसे होई. आत्या कानात नाव सांगे, घुगऱ्या वाटल्या जात आणि मग पंगत बसे.

२/ ही पंगत केवळ आनंदाची नव्हती. भाऊबंद आणि जातभाई जेवून उठले की मूल कुळाचे ठरे. त्यामुळे ऐपत नसतानाही पंगत घालावी लागे. अनेक समाजांत रीतीनुसार मटण आणि दारूही ठेवली जाई.

३/ हा खर्च कोठून येई? १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) येथील कापसाला मोठा भाव मिळाला. नगदी पिकासोबत सावकारी कर्जही गावोगाव पोहोचले. भाव उतरले, कर्ज राहिले. त्यातच लग्न-बारशाच्या खर्चाची भर पडे.

४/ अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे माहेरी आली. पुढे मामांची शेतीही सावकाराच्या घशात गेली.

५/ डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले. मुलगी झाली, बारसे ठरले. जातभाई नेहमीच्या पंगतीच्या अपेक्षेने जमले. चरित्रकार सांगतात, डेबूजींनी त्या दिवशी दारू आणि मांस ठेवलेच नाही. गोडाचे जेवण वाढले.

६/ आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु ज्या पंगतीवर मुलीचे जातीतील स्थान ठरायचे, तीच पंगत बापाने बदलली होती. जातभाई रुसले असते, तर त्याची झळ पाळण्यातल्या लेकीलाही लागली असती. तरीही ज्या दारूने आपले वडील नेले, तिच्या साक्षीने लेकीचे नाव ठेवणे त्यांना मान्य नव्हते.

७/ १ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. हातात खराटा व मडके घेतलेल्या या माणसाला लोक गाडगेबाबा म्हणू लागले. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, मुलांना शिकवा, हे त्यांनी कीर्तनांतून आयुष्यभर सांगितले. पूर्णेकाठी ऋणमोचन येथे त्यांनी घाट उभारला.

८/ २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे आणि तेथील विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. कीर्तनात त्यांनी जे पुढे लाखोंना सांगितले, ते आधी दापुरेच्या अंगणात, लेकीच्या बारशाला करून दाखवले होते.