पाच हजार फाइलींची चकती

१९९४ साली शिकागोजवळच्या एका गावात मी बीबीएस चालवत होतो. म्हणजे घरातला एक संगणक, एक मोडेम आणि एक टेलिफोन लाइन. लोक रात्री फोन लावायचे, एकमेकांना निरोप ठेवायचे, फाइली उतरवून घ्यायचे. एका वेळी एकच जण. या प्रकाराचा जन्मही शिकागोतलाच. १९७८च्या हिवाळ्यात बर्फाने शहर ठप्प झालं असताना वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी पहिलं बीबीएस जुळवलं होतं.

फोन करणाऱ्यांना हवं असायचं शेअरवेअर. आधी वापरा, आवडलं तर पैसे पाठवा, असा हा व्यवहार १९८२च्या सुमारास अँड्र्यू फ्लूगेलमन आणि जिम नॉफ यांनी रुजवला. माझी हार्ड डिस्क २१० एमबीची, आणि सीडीवर मावत ६५०. तेवढा ऐवज १४.४ केबीपीएसच्या मोडेमवरून उतरवायचा तर चार-पाच दिवस लाइन अखंड अडकली असती. म्हणून आम्ही शेअरवेअरने भरलेल्या तयार सीडी, म्हणजे चकत्या, विकत घेत होतो. कॅलिफोर्नियातली वॉलनट क्रीक ही त्या धंद्यातली नावाजलेली कंपनी. न्यू मेक्सिकोतल्या लष्करी संगणकावरचा ‘सिमटेल’चा साठा तिने सीडीवर आणला, १९९३मध्ये तो संगणक बंद झाला, पण साठा टिकला.

सगळ्याच चकत्या अशा नव्हत्या. एका विक्रेत्याच्या वेष्टनावर ठळक छापलं होतं, ‘५००० फाइली’. मी मोजायला बसलो, तर एकच प्रोग्रॅम तीन फोल्डरांत तीन नावांनी. एका खेळाचं वर्णन एवढंच: ‘झकास गेम!!!’ तो खेळ एका मुलाने २४०० बीपीएसच्या संथ मोडेमवरून उतरवला. जेमतेम ५०० केबी, पण पस्तीस मिनिटं गेली. निघाला एकाच पातळीचा नमुना. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, ‘तुम्ही आधी उघडून पाहत नाही का?’

तेव्हापासून पाहायला लागलो. चकती आली की आधी पीकेझिप, म्हणजे फाइली आवळून झिप करणारा प्रोग्रॅम, शोधायचो. १९९३नंतरच्या चकतीवर त्याच्या २.०४जी आवृत्तीऐवजी जुनी १.१० सापडली, तर बाकीचा मालही शिळा समजायचा. मग झिप फाइली तपासायच्या, व्हायरस शोधायचा, आणि दुकानात विकला जाणारा एखादा खेळ चोरून घुसवलाय का ते बघायचं, कारण पकडलं तर मानगूट आमची.

सगळ्यात जास्त वेळ जायचा यादीवर. त्या काळी फाइलीचं नाव आठ अक्षरांचं, वर तीन अक्षरांचं शेपूट. त्यातून कुणाला काय कळणार? म्हणून चांगल्या चकतीत प्रत्येक फोल्डरची यादी ‘फाइल्स.बीबीएस’ या नावाने तयार असायची, आणि झिपमध्ये लेखकाने स्वतः लिहिलेलं वर्णन असायचं: पंचेचाळीस अक्षरांची ओळ, जास्तीत जास्त दहा ओळी. सीडी ड्राइव्ह वाचायला मोडेमपेक्षा कितीतरी वेगवान, पण फाइल शोधताना रेंगाळायचा. त्यामुळे याद्या हार्ड डिस्कवर ठेवायच्या आणि चकतीला फक्त मागितलेल्या फाइलीसाठी हात लावायचा. यादी धड नसेल, तर पाच हजार फाइली असून नसल्यासारख्या. चकती घडवणाऱ्याने फाइली उघडून पाहिल्यात की नुसत्या ओतल्यात, हे यादीच्या पहिल्या पानावरच कळायचं.

पुढे इंटरनेट आलं आणि माझी लाइन मुकी झाली. त्या काळच्या बऱ्याच चकत्या जेसन स्कॉट यांच्यासारख्या संग्राहकांनी जपून सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. आपल्याकडेही नव्वदीच्या उत्तरार्धात संगणक मासिकांसोबत सीडी यायच्या, त्यांतही शेअरवेअर असायचं. तुमच्या माळ्यावर त्यांतली एखादी असेल, तर रद्दीत घालण्याआधी तिची प्रत काढून ठेवा. आणि प्रत काढताना यादीची फाइल वगळू नका.