वसतिगृहातील गीत आणि नागपूरचा उघडा दरवाजा



लाखनी-भंडाऱ्याकडील आपली मुले ज्या नागपूर विद्यापीठाच्या पदवीसाठी झटतात, त्याची स्थापना 4 ऑगस्ट 1923 रोजी झाली. या विद्यापीठाच्या इतिहासातील एक प्रसंग आपल्या घरांतून सांगितला जावा असे मला वाटते. सांगताना थोडा संकोच होतो, कारण त्यात अन्याय करणारी राजवट मुसलमान राज्यकर्त्याची होती. परंतु इतिहास सोयीपुरता वाचायचा नसतो.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात 1918 साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. मात्र त्याच संस्थानात सभा भरवायची तर सरकारी परवानगी लागे. ‘गश्ती निशाण 53’ या नावाने ते फर्मान कुप्रसिद्ध होते. बाहेरच्या कित्येक वर्तमानपत्रांनाही तेथे बंदी होती.

1938 च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादेतील उस्मानियाच्या वसतिगृहांत हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुले मागे हटली नाहीत. शेकडो विद्यार्थ्यांची नावे कमी करण्यात आली. वर्ष वाया जाण्याची वेळ आली तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. टी. जे. केदार हे त्या वेळी कुलगुरू होते. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे या चळवळीतलेच विद्यार्थी. त्यांनीही नागपुरात शिक्षण घेतले.

हे गीत म्हणणे आपल्यापैकी अनेकांना धर्मदृष्ट्या मान्य नाही, हे मी जाणतो. म्हणूनच हा प्रसंग आपल्या कसोटीचा आहे. आपल्याला न पटणारे गीत दुसऱ्याने त्याच्या प्रार्थनेत म्हटले, एवढ्यावरून त्याचे शिक्षण हिरावून घेणे योग्य होते काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्यातीलच एका तरुणाने प्राण देऊन दिले. शोएबुल्ला खान हा हैदराबादेतील ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे तो निर्भयपणे लिहीत असे. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्याची रस्त्यात हत्या केली आणि लिहिणारा हात तोडला. त्याने वयाची तिशीही गाठली नव्हती. पुढच्याच महिन्यात संस्थान भारतात विलीन झाले.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. 1985 साली केरळात यहोवा-साक्षी या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प राहण्याचे स्वातंत्र्यही येते, असा त्या निकालाचा आशय होता. एकीकडे गायल्याबद्दल शिक्षा, दुसरीकडे न गायल्याबद्दल. दोन्ही ठिकाणी दरवाजा बंद झाला तो विद्यार्थ्यासाठीच. ज्याला न गाण्याचा हक्क हवा, त्याने दुसऱ्याच्या गाण्याचा हक्कही राखला पाहिजे.

येथे माझी एक चूक कबूल करतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका विद्यार्थ्याने शाळेच्या हस्तलिखितासाठी लेख आणून दिला. ग्रंथालयाचे कपाट वर्षभर कुलूपबंद असते, अशी त्याची तक्रार होती. लेख खरा होता. वरिष्ठ रागावतील या भीतीने मी तो बाजूला ठेवला. त्या मुलाने पुन्हा कधी काही लिहून आणले नाही. कपाट तर बंद राहिलेच, त्याबरोबर एक लेखणीही मी बंद केली.

पालकहो, मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयातून एखादे न पटणारे मत घेऊन घरी आली, तर आधी शेवटपर्यंत ऐकून घ्या. विद्यार्थ्यांनो, आपले म्हणणे नावानिशी, पुराव्यानिशी आणि सभ्य भाषेत मांडा. आणि विरुद्ध मताच्या मुलाला बोलू दिले जात नसेल, तर त्याच्या बाजूने उभे राहा. 1938 साली नागपूरने परक्या संस्थानातील मुलांसाठी दरवाजा उघडला. त्याच विद्यापीठाची पदवी घेणाऱ्यांनी एवढे तरी करावे.