दुभाषी : हुद्द्यापासून हक्कापर्यंत

‘दुभाषी’ हे आज आपल्याला आडनाव म्हणून परिचित आहे. पूर्वी तो सरकारी हुद्दा होता. पोर्तुगीजकालीन गोव्यात मराठी दरबारांशी होणारा पत्रव्यवहार सरकारी दुभाष्यांच्या हातून चाले. गरज राज्यकर्त्यांची होती, म्हणून पदही होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि ती गरज प्रजेची झाली. १९६३ च्या अधिनियमाने कन्नड राजभाषा ठरली. तथापि संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार आपले गाऱ्हाणे मराठीत मांडता येते. आरोपीला न कळणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला कळणाऱ्या भाषेत समजावून देणे न्यायालयावर बंधनकारक आहे. दंड प्रक्रिया संहितेच्या कलम २७९ मधील ही तरतूद आज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१४ मध्ये आहे. १९६९ चा शपथ अधिनियम दुभाष्यालाही शपथ घ्यावयास लावतो.

काम कायद्याने निर्माण केले आहे. पद मंजूर करणे शासनाच्या हाती आहे. शपथेवरील साक्षीचा अर्थ ऐनवेळी उभ्या केलेल्या कारकुनावर सोपवता येत नाही. म्हणून सीमाभागातील प्रत्येक न्यायालयात व तालुका कचेरीत कायम, सवेतन दुभाष्याची मागणी लेखी करावी. मराठी, कन्नड आणि जुन्या दप्तरांसाठी मोडी जाणणाऱ्या आपल्या मुलांना त्यातून रोजगार मिळेल, आणि पक्षकाराचे म्हणणे न्यायाधीशांपर्यंत जसेच्या तसे पोहोचेल.