पडद्यावरून डोंगरावर

२००६ साली एशियानेटवर ‘स्वामी अय्यप्पन’ ही मल्याळम मालिका सुरू झाली. पंदळमच्या राजाला जंगलात सापडलेलं बाळ, राणीच्या खोट्या दुखण्यासाठी वाघिणीचं दूध आणायला निघालेला मुलगा, मुसलमान मित्र वावर... गोष्ट केरळात सगळ्यांना पाठ. मग रोज बघायची कशाला?

मला उत्तर मिळालं ते मालिका काढणाऱ्या तिरुवनंतपुरमच्या मेरीलँड स्टुडिओच्या इतिहासात. स्टुडिओचे संस्थापक पी. सुब्रमण्यम यांनी १९७५ साली याच नावाचा सिनेमा केला होता. त्याच्या कमाईतल्या वाट्यातून पंपेहून शबरीमलेला चढणारा रस्ता झाला. नाव? स्वामी अय्यप्पन रोड!

माझा कोड दोन वर्षांत जुना होतो. त्यांची गोष्ट मात्र अजून लोकांच्या पायाखाली आहे. पाठ असली तरी ती शिळी कशी होणार?