पक्ष्यांची मोजणी आणि पाण्याची पातळी

जानेवारीत निफाडचा पारा घसरला की वर्तमानपत्रांत द्राक्षबागांमधल्या शेकोट्यांचे फोटो येतात. त्याच दिवसांत, त्याच तालुक्यातल्या चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर काही मंडळी कानटोप्या ओढून, गळ्यात दुर्बिणी अडकवून उजाडायची वाट पाहत असतात. नांदूर मध्यमेश्वरची पक्षीगणना. संध्याकाळी एक आकडा हाती येतो आणि यथावकाश तो छापून येतो: यंदा इतके हजार पक्षी, गेल्या वर्षीपेक्षा इतके कमी किंवा इतके जास्त. कमी भरले तर हळहळ, जास्त भरले तर आनंद. पण हा आकडा नेमका कशाचा? माझ्या मते तो पक्ष्यांबद्दल काही सांगण्याआधी पाण्याच्या खोलीबद्दल सांगतो. ज्या वहीत ती खोली टिपलेली नाही, त्या वहीतली गणना अर्धीच आहे.

गाळाची करणी

नांदूर मध्यमेश्वर हे नैसर्गिक तळं नव्हे. गोदावरी आणि कडवा यांच्या संगमाशी ब्रिटिश अमदानीत बंधारा घातला गेला तो शेतीच्या पाण्यासाठी. गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन्ही कालवे इथूनच निघतात आणि कोपरगाव-राहात्याकडच्या शिवारांपर्यंत जातात. बंधाऱ्यामागे प्रवाह मंदावला, नद्यांनी वरून आणलेली माती तळाशी बसू लागली आणि शंभरेक वर्षांत जलाशयाचा बराच भाग उथळ झाला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा. पण त्याच तोट्यातून गाळाची बेटं उभी राहिली, पाणकणसाची बनं माजली, गुडघाभर पाण्याचे पट्टे तयार झाले आणि हिवाळी पाहुण्यांना हवं ते सगळं एका जागी मिळालं. 1986 साली सुमारे 100 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी 2020 मध्ये यातल्या 1437 हेक्टरांना रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याची घोषणा झाली. राज्यातलं हे पहिलं रामसर स्थळ. लोणार आणि ठाण्याची खाडी नंतरची.

सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं, हे इथे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दहा मिनिटांत ऐकवलं जातं. ही उपमा सांगणाऱ्याला वाटते त्याहून जास्त चपखल आहे. भरतपूरचं केवलादेवही माणसाने पाणी अडवून घडवलेलं, आणि त्याचंही नशीब वरून कोण किती पाणी सोडतं यावर टांगलेलं. पाण्याच्या टंचाईपायी 1990 साली त्याचं नाव धोक्यातल्या रामसर स्थळांच्या यादीत गेलं होतं. म्हणजे उपमेत कौतुक आहे तसा इशाराही आहे. आपण कौतुक तेवढं उचललं.

गाळ काढून शेतात टाकणं ही एरवी चांगलीच गोष्ट. कोरड्या पडलेल्या पाझर तलावाला तिने नवं आयुष्य मिळतं आणि शेतकऱ्यालाही फायदा होतो. इथे मात्र गाळ हाच अधिवास आहे. सरसकट उपसा केला तर पाणी वाढेल आणि पक्षी बसायला जागा उरणार नाही. एकच उपाय दोन जलाशयांना सारखा लागू पडत नाही, हे साधं आहे, पण बैठकांमध्ये ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

वीतभर आणि हातभर

पाणपक्ष्याचं पोट त्याच्या पायांच्या, मानेच्या आणि चोचीच्या लांबीवर चालतं. टिलवा चिमणीएवढा, पाय आखूड, चोच आखूड. त्याला ओला चिखल किंवा बोटाच्या पेराएवढं पाणी लागतं. शेकाट्या आपल्या काटकुळ्या लाल पायांवर जवळजवळ वीतभर पाण्यात सहज फिरतो. चित्रबलाक आणि चमचा त्याहून थोडे आत जातात. बदकांमध्ये दोन जाती पाडाव्या लागतात. चक्रांग आणि तलवार बदक बुडी मारत नाहीत. शेपूट वर, डोकं खाली करून मान पोचेल तेवढ्याच पाण्यात चरतात. तलवार बदकाची मान लांब म्हणून त्याला चक्रांगापेक्षा थोडं जास्त पाणी चालतं, तरी हातभराच्या पुढे दोघांचाही इलाज चालत नाही. थापट्या आपल्या फावड्यासारख्या चोचीने वरवरचं पाणी गाळून खातो, त्यामुळे त्याला खोलीची फारशी फिकीर नसते. लालसरी मात्र बुडी मारणारी. पाणी चढलं तर तिचं फावतं.

आता जमिनीचा उतार पाहू. गाळाचा तळ जवळजवळ सपाट असतो. समजा उतार पाचशेला एक असा आहे. मग पाणी एक फूट चढलं की काठ पाचशे फूट मागे सरकतो, म्हणजे दीडशे मीटर रुंदीचा चिखलपट्टा पाण्याखाली जातो. टिलव्यांचा आणि तुतवारांचा सगळा बाजार तिथेच भरलेला असतो. गणनेच्या आठवड्यात वरच्या दारणा किंवा गंगापूर धरणातून आवर्तन सुटलेलं असेल आणि इथे फूटभर पाणी चढलेलं असेल, तर चिखलपक्ष्यांचा आकडा कोसळेल. एकही पक्षी मेलेला नसेल. ते कुठल्या तरी पाझर तलावाच्या काठावर किंवा जायकवाडीच्या फुगवट्यावर गेलेले असतील. नंतर कालवे धरून पाणी उतरलं की ते परत येतील, पण गणना तोवर आटोपलेली असेल.

इथे एक पुस्ती जोडायला हवी. बरीचशी बदकं हिवाळ्यात रात्री चरतात आणि दिवसा मोकळ्या पाण्यावर थव्याने विसावतात. त्यामुळे सकाळी मोजलेल्या बदकांचा खोलीशी संबंध चिखलपक्ष्यांइतका थेट नसतो. त्यांना मुख्यतः हवी असते निर्धास्त जागा. म्हणूनच एकच एकूण आकडा छापणं मला खटकतं. वारकरी पक्षी, बदकं आणि चिखलपक्षी एका बेरजेत घालणं म्हणजे ज्वारी, कांदा आणि द्राक्ष एकाच वजनात तोलणं.

मोजायचं कसं

आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून चालू आहे आणि ती जानेवारीत होते यामागे कारण आहे. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही प्रवासांमधला हा मुक्कामाचा काळ. पक्षी त्या मानाने एका जागी असतात. देशोदेशी साधारण एकाच वेळी मोजलं तर इथून उडालेला थवा दुसरीकडे कुणाच्या तरी वहीत सापडतो. एकट्या जागेचा आकडा त्यामुळे नेहमीच अपुरा.

शे-दोनशे पक्षी एकेक करून मोजता येतात. दोन हजार वारकरी पाण्यावर पसरलेले असतात तेव्हा आधी दहा मोजायचे, दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत साठवायचं, मग शंभरांचा एक ठोकळा कल्पायचा आणि तो थव्यावर ठेवत पुढे जायचं. नवशिक्याला वाटतं आपण फुगवून सांगतोय. खरं तर मोठ्या थव्यांच्या बाबतीत माणसाचा डोळा बहुधा कमीच धरतो. त्यात मध्येच एखादा भोवत्या पाणकणसावरून तरंगत आला की सगळं पाणी उठतं आणि अर्धा तास केलेली मोजणी गोदावरीला अर्पण होते. अशा वेळी चापडगावकडचा गट आणि खाणगाव थडीकडचा गट यांनी वेळेची नोंद ठेवली असेल, तर एकच थवा दोनदा धरला गेला का, हे निदान तपासता येतं.

या कामात स्वयंसेवकाची सगळ्यात मोठी खोड म्हणजे दुर्मीळ पक्ष्याचा मोह. रोहित दिसले की दहा कॅमेरे तिकडे वळतात आणि समोरचे चारशे शेकाटे कुणी मोजत नाही. वहीत ‘नदीसुरय: शून्य’ असं लिहायला हात धजत नाही, कारण ते लिहिण्यासारखं काही वाटतच नाही. पण शून्यावरच पुढचं शास्त्र उभं राहतं. 2023 च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालाला आधार होता तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या नोंदींचा. त्यात दीर्घ काळचा कल ठरवण्याइतकी माहिती 338 जातींबद्दल होती, आणि त्यांतल्या 204 घटलेल्या आढळल्या. दिसलेले सगळे पक्षी टिपलेल्या याद्या होत्या म्हणूनच हे काढता आलं. यादी पुरी असेल तरच तिच्यात नसलेल्या नावाला अर्थ येतो.

श्रमदान आणि जलपर्णी

पाणथळाची सेवा म्हटलं की लोकांच्या मनात पहिलं येतं श्रमदान: प्लास्टिक वेचणं, जलपर्णी ओढणं. पहिलं करावंच. दुसऱ्याबद्दल मला शंका आहे. जलपर्णी वाढते ती नाशिककडून येणाऱ्या सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. मूळ तिथे आहे. रविवारी तीस माणसांनी ओढलेली जलपर्णी पोषक पाण्यात पंधरवड्यात भरून निघते. पाणी पूर्ण झाकलं गेलं की बुडी मारणाऱ्यांचं आणि माशांचं मरण ओढवतं. पण काठाच्या विरळ पट्ट्यावर कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या जगतातही. तेव्हा किती जलपर्णी काढायची आणि कुठे ठेवायची, हे ठरवायलाही आधी नोंद लागते: कोणत्या महिन्यात किती पाणी झाकलेलं होतं. ही नोंद सगळ्यात चांगली ठेवू शकतात ती गावातली गाईड पोरं आणि मासेमार, जे रोज त्या पाण्यावर असतात. बाहेरून येणारा पक्षीमित्र वर्षातून चारदा येतो. त्याच्या स्कोपची किंमत जास्त, माहिती कमी.

गावाचं म्हणणंही वहीत यायला हवं. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कुणाच्या तरी घरचा हरभरा पिकवते. चिखलपक्ष्यांना आणि त्या घराला पाणी उतरायला हवं असतं एकाच सुमाराला, हे सहसा कुणी मोठ्याने म्हणत नाही. पाणी फार लवकर उतरलं तर बदकं जातात, फार उशिरा उतरलं तर गाळपेर बुडते.

ही वेळ ठरते ती कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत, रब्बीची आवर्तनं आखली जातात तेव्हा. तिथे उसाचं बोलतात, पिण्याच्या पाण्याचं बोलतात, समन्यायी वाटपात जायकवाडीला किती सोडायचं यावरून भांडतात, आणि ते सगळं रास्तच आहे. त्या टेबलावर पक्ष्यांचा एकूण आकडा नेला तर कुणी विचारणार नाही. पण गेल्या दहा हिवाळ्यांत कोणत्या पातळीला किती टिलवे, किती शेकाटे, किती बदकं होती आणि गाळपेर कधी उघडी पडली, असा एक तक्ता नेला, तर निदान आवर्तन आठवडाभर मागेपुढे करण्याची मागणी करता येईल. त्या तक्त्यासाठी जास्तीचं लागतं ते एवढंच: मोजणी सुरू करण्याआधी बंधाऱ्यावरच्या मापपट्टीकडे एकदा पाहून आकडा वहीच्या डोक्यावर लिहिणं, आणि संध्याकाळी परतताना पुन्हा एकदा.