मुरबाडचे नाना, मुंबईचे नामदार

ठाणेकरांना नाना शंकरशेट ठाऊक आहेत ते पहिल्या आगगाडीमुळे. दरवर्षी १६ एप्रिल आला की त्यांचे नाव निघते आणि दुसऱ्या दिवशी विसरले जाते. मात्र, कायदे करणाऱ्या सभेत बसणारे पहिल्या पिढीतील भारतीय सदस्य आणि मराठीतून शिक्षण मिळावे म्हणून गोऱ्या अधिकाऱ्यांशी वाद घालणारे शिक्षण मंडळाचे सभासद ही त्यांची ओळख आपल्याच जिल्ह्यात फारशी कुणाला नाही. नानांचा जन्म मुरबाडचा, म्हणजे ते ठाणे जिल्ह्याचेच.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. साष्टी बेट, म्हणजे ठाणे शहर, त्या वेळी इंग्रजांकडे होते. खाडीपलीकडचा कल्याण-मुरबाडचा मुलूख मात्र १७८२ च्या सालबाईच्या तहाने पेशव्यांकडे परतला होता आणि १८१७ पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. पेशवाईत जन्मलेल्या या दैवज्ञ कुटुंबातील मुलाने पुढे कंपनी सरकार पाहिले आणि राणीचे राज्यही पाहिले. मुरबाड हे कल्याण बंदरातून घाटावर जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवरचे गाव. (जवळच्या नाणेघाटाचा नानांच्या नावाशी काही संबंध नाही, तो घाट सातवाहनकालीन आहे.)

घराण्याची पेढी मुंबईत होती. वडील शंकरशेट १८२२ मध्ये वारले आणि वयाच्या विशीच्या आतच सारा कारभार नानांच्या अंगावर पडला. त्यांनी तो वाढवला. त्यांच्या पेढीची पत एवढी होती, की अरब आणि अफगाण व्यापारी आपला पैसा बँकेत न ठेवता नानांकडे ठेवीत, असे सांगितले जाते. पुढच्या सार्वजनिक कामाचा पाया ही पतच होती. इंग्रज गव्हर्नर त्यांना बोलावीत ते विद्वान म्हणून नव्हे, तर ज्यांच्या शब्दाला गावात किंमत आहे असे शेट म्हणून.

शिक्षणाचा वाद

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या काळात सुरू झालेल्या ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’च्या कामात नाना पुढे होते. बाळशास्त्री जांभेकर याच संस्थेत नोकरीला होते. १८४० मध्ये सरकारने शिक्षण मंडळ नेमले आणि त्यावर नानांची नियुक्ती झाली. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा भर इंग्रजीवर होता. वरच्या वर्गातील थोड्या लोकांना इंग्रजीतून चांगले शिकवावे, असे त्यांचे मत. कर्नल जॉर्ज जर्व्हिस आणि मंडळाचे भारतीय सभासद याच्या विरोधात गेले. नाना त्यांच्यात होते. सर्वसामान्यांपर्यंत ज्ञान पोचवायचे असेल तर ते त्यांच्याच भाषेतून पोचेल, ही त्यांची भूमिका १८४७ च्या सुमारास लेखी नोंदली गेली. नानांचा इंग्रजीला विरोध होता असा याचा अर्थ नव्हे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आणि ग्रँट मेडिकल कॉलेज या दोन्हींना त्यांचा पाठिंबा होता, आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा पहिल्या फेलोंमध्ये ते होते. इंग्रजी शाळांत मुलांना पाठवण्यासाठी आज कल्याण-डोंबिवलीत जी धावपळ चालते ती पाहता, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा हा वाद संपला असे म्हणवत नाही.

स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी १८४८ मध्ये स्थापन झाली. तिने मुलींच्या शाळा काढल्या तेव्हा नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात जागा दिली. स्वतः सनातनी वळणाचे, देवळांचा सांभाळ करणारे गृहस्थ घरात मुलींची शाळा भरवतात, हे त्या काळच्या अनेकांना पटले नव्हते.

आगगाडी

मुंबईत रेल्वे आणण्याच्या हालचाली १८४० च्या दशकात सुरू झाल्या. त्यात जमशेटजी जीजीभॉय आणि नाना हे दोन भारतीय व्यापारी आघाडीवर होते. त्यातूनच पुढे ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ला बळ मिळाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन ठाण्याला आली. अंतर सुमारे ३४ किलोमीटर. साहेब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने तिला जोडलेली होती. वर्षभराने, १८५४ च्या मे महिन्यात, खाडी ओलांडून आणि पारसिकचा डोंगर पोखरून रूळ कल्याणला पोचले. वाटेवरची डोंबिवली तेव्हा खेडेच होती. नानांच्या हयातीतच रेल्वे बोरघाट चढली आणि थळघाटही.

त्यांच्या जन्मगावी मात्र ती आजही पोचलेली नाही. कल्याण-मुरबाड मार्गाची मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे. मुरबाडकर अजून रस्त्यानेच कल्याण गाठतात.

राजकारण आणि संशय

२६ ऑगस्ट १८५२ रोजी ‘बॉम्बे असोसिएशन’ स्थापन झाली. जमशेटजी मानद अध्यक्ष झाले, तर प्रत्यक्ष अध्यक्षपद नानांकडे आले. दादाभाई नौरोजी आणि डॉ. भाऊ दाजी ही तरुण मंडळी सोबत होती. कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण तोंडावर असताना संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला आणि कारभारात भारतीयांना वाटा मागितला. काँग्रेसच्या स्थापनेला तेव्हा ३३ वर्षे अवकाश होता.

नाना कधी रणांगणावर गेले नाहीत, पण १८५७ च्या युद्धाची झळ त्यांच्या दारापर्यंत आली. उठाववाल्यांशी त्यांचे संधान असावे, असा संशय इंग्रजांना आला आणि पोलिसांनी चौकशी केली. पुरावा मिळाला नाही. ज्या माणसाच्या मदतीवर सरकार मुंबईत कामे करीत होते त्याच्यावरच नजर ठेवली गेली, यावरून त्या विश्वासाची खोली कळते.

चार वर्षांनी, १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टनुसार प्रांतिक कायदेमंडळे निघाली. मुंबईच्या मंडळाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली टाऊन हॉलमध्ये झाली. नेमलेल्या भारतीय सदस्यांमध्ये नाना होते. निवडणूक नव्हती. कायद्याच्या मसुद्यापलीकडे प्रश्न विचारण्याचा किंवा अंदाजपत्रकावर बोलण्याचा अधिकारही नव्हता. तो १८९२ मध्ये मिळाला. आजच्या आमदाराशी या ‘नामदारा’ची तुलना करणे योग्य नाही. तरीही महाराष्ट्र विधिमंडळाचा इतिहास मागे न्यायचा झाला, तर तो याच सभागृहापाशी पोचतो.

नानांनी हात घातला नाही असे क्षेत्र त्या मुंबईत कमीच. ग्रँट रोडवरचे नाट्यगृह त्यांच्या जागेवर उभे राहिले आणि १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांच्या मंडळीने तेथे खेळ केले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयासाठी डॉ. जॉर्ज बर्डवूड आणि भाऊ दाजी यांच्यासोबत त्यांनी निधी जमवला, पण ते १८७२ मध्ये खुले झाले तेव्हा नाना हयात नव्हते.

कापसाच्या तेजीवर फुगलेला मुंबईचा शेअर बाजार १८६५ च्या जुलैमध्ये कोसळला आणि बड्या बड्या पेढ्या बुडाल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नानांचे निधन झाले. त्यांच्या नावाने संस्कृतसाठी मॅट्रिकची शिष्यवृत्ती सुरू झाली. ती मिळवणे हा पुढच्या कित्येक पिढ्यांतील मराठी घरांना मोठा मान वाटे. १९१२ मध्ये तिचे मानकरी होते चिंतामणराव देशमुख, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. नानांचा संगमरवरी पुतळा टाऊन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत आहे. पहिले कायदेमंडळ भरले ती इमारत हीच.